दत्तक चिमणी

यमुनाताई परांडेकरांनी गेल्या चैत्रात दत्तक घेतलेली चिमणी एकशे दहा फूट उंच होती आणि साबणाच्या कारखान्याची होती.

धुराचं काय करायचं यावर आमचं पर्यावरण कार्यालय आणि कारखाना यांचं सहा वर्षं जमत नव्हतं. आम्ही म्हणायचो, नियम करू. ते म्हणायचे, नियम कशाला, बाजारावर सोडा; ज्याला हवी तो नेईल. शेवटी त्यांनी पेपरात ‘चिमणी दत्तक घ्या’ अशी जाहिरात दिली. अर्ज एकच आला. यमुनाताईंना वाटलं, पक्षी असेल. एकट्याच राहायच्या. तीन वर्षं अंगणात पाण्याची वाटी ठेवत होत्या, पण एक चिमणी फिरकेल तर शपथ.

ही मात्र सकाळी आली आणि पारिजातकाशेजारी उभी राहिली. धूर आता घरगुती ठरला, त्यामुळे कारखाना सोवळा. झालेली चूक सांगायला मी कारकून म्हणून गेलो, तर ताई तिच्यापुढे तांदूळ टाकत होत्या.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आलं ना कोणीतरी.”

संध्याकाळी चिमणी स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाकायची आणि ताई तिला दिवसभराचं सांगायच्या. त्यांना खोकला लागला. खोकून झालं की त्या पुढचं सांगायच्या.

मग शेजाऱ्यांच्या कुरडयांवर काजळी बसली आणि तक्रार आली. सुनावणीत कारखान्याचे वकील म्हणाले, ग्राहक खूश आहे, सरकारचं काय जातं? आमच्या साहेबांनी नियम काढला: चिमणी हा वन्य पक्षी, तो पाळता येत नाही. कागदोपत्री ती चिमणीच होती, त्यामुळे वकिलांनी फाइल मिटली. आदेश पोचवायला साहेबांनी मलाच पाठवलं. माझा पाय निघत नव्हता.

ताईंनी आदेश दोनदा वाचला आणि फाटक उघडलं. चिमणी थोडी घुटमळली, मग उडाली. अंगणात मूठभर राख पडली, ती ताईंनी झाडली नाही.

आकाश निवळलं. कारखाना म्हणाला, बाजारानं करून दाखवलं. आम्ही म्हणालो, नियमानं. दोन्हीकडे पेढे वाटले गेले.

महिन्यानं मी पाहणीला गेलो. अंगणात तांदूळ तसेच पडले होते. मी तब्येतीची चौकशी केली.

“खोकला गेला,” ताई म्हणाल्या. “आता घरात आवाजच नाही हो.”

मी अहवालात ‘तक्रारीचे निवारण झाले’ असं लिहिलं. काम संपलं होतं, तरी बसून राहिलो. मग उगाचच दोनदा खोकलो.

ताई पाणी आणायला उठल्या.