यासीनभाई आणि त्या दोघी

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, जेट बोट घ्यावी की वेक बोट, याबाबत दहिवलीचे पंपवाले यासीनभाई यांचा निर्णय या आठवड्यातही झालेला नाही. नागरिकांनी संयम राखावा. अफवांवर विश्वास ठेवू नये.

ही घोषणा मी तीन वर्षं दर सोमवारी सकाळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून, घसा साफ करून करत आलो. श्रोते दोन-तीनच असायचे. सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेला एखादा, समोरचा भजीवाला आणि स्वतः यासीनभाई. त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच. ते मान डोलावून दाद द्यायचे आणि म्हणायचे, "बराबर बोलला झेरॉक्स. घाई करून चालत नाय."

आता तुम्ही विचाराल, दहिवलीत बोट कशाला? रास्त प्रश्न आहे. आमच्या उल्हास नदीत मे महिन्यात म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडी राहते. पण बोट इथं यायचीच नव्हती. यासीनभाईंचा एकुलता एक मुलगा साजिद कॅनडात असतो. बायको, झोया नावाची मुलगी आणि घरामागे तळं. तळं म्हणजे आपल्याकडचं नव्हे. पलीकडचा काठ दिसत नाही असं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं फोनवर सहज विचारलं, "अब्बा, इथं सगळ्यांकडं बोट हाय. मी पन घ्यावी म्हनतो. जेट घेऊ का वेक?"

सहज विचारलं हो. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

एक लक्षात घ्या, यासीनभाई हा निर्णयाला कचरणारा माणूस नव्हे. कळंबचा शेतकरी दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून "बोअर मारलीय" एवढंच म्हणतो. "किती फूट?" "दोनशे." "शेत वर का खाली?" "वर." "तो निळा घेऊन जा." संपलं. शेतकऱ्याचा दुसरा पाय अजून रस्त्यावरच असतो. लग्नही त्यांनी असंच ठरवलं. मुलगी बघायला गेले आणि चहा यायच्या आत हो म्हणून मोकळे झाले. रुकय्याभाभी आजही सांगतात, "भावोजी, चहा मीच आनत हुते. मला बगितलंसुदिक नव्हतं!"

अशा माणसाला दोन बोटींमधली एक निवडायला तीन वर्षं लागत होती.

जो दुकानात येईल त्याला ते दोन्ही बोटी समजावून सांगत. मला त्या पाठ आहेत. "जेट बोट म्हंजे काय? बोटच नाय ती. पंप हाय, पंप! खालनं पानी वडतो, मागं फेकतो, पुढं जातो. पंखा सगळा पोटात, बाहेर पातं नाय. पोरं बाजूला पवत असली तरी पाय कापायची भीती नाय. गुडघाभर पान्यात चालती." ऐकणारा म्हणे, "मग जेटच घ्या की!" इथं यासीनभाई उजव्या हाताचं बोट वर करत. "पन दुसरी बाजू हाय. रेस सोडली की सुकानू ऐकत नाय. वळायचं तर रेस द्यायला लागती. समोर धक्का आला, मानूस घाबरून रेस सोडनार, आनि बोट जानार सरळ!" ऐकणारा घाबरून म्हणे, "मग वेक घ्या." "वेकचं कसं हाय, तिच्या पोटात टाक्या हायत. तळ्याचंच पानी टाकीत भरायचं, बोट जड करायची, म्हंजे मागं ही एवढी लाट उठती. पोरं फळीवर उभी राहत्यात, लाटच त्यांना ढकलीत नेती. दोरीसुदिक लागत नाय." "वा! ठरलं तर!" बोट पुन्हा वर. "पन दुसरी बाजू हाय. जड बोट. काठाला आली की खाली घासती."

रुकय्याभाभी या दोन बोटींना 'त्या दोघी' म्हणायच्या. दुपारी डबा घेऊन आल्या की दारातूनच विचारायच्या, "आज कोन पुढं हाय? त्या दोगींना एकदा जेवायला बोलवा. कोन बरी, मी लगीच सांगते." आणि माझ्याकडे वळून, "टाकी साफ करायला वर चढा म्हटलं तर यांना चक्कर येती. आनि हे लाटा मोजत्यात!"

लाटा मोजणं ही अतिशयोक्ती नव्हती. दुकानात पंप तपासायचा सिमेंटचा हौद आहे. त्यात यासीनभाईंनी एकदा कपडे धुवायचा टब सोडला, त्यात कूलरचा पंप बसवला आणि पाइपाचं तोंड मागे काढलं. ही जेट. बटण दाबल्याबरोबर टबानं अशी उसळी घेतली की पाइप फिरला आणि मोहोपाड्याहून वॉशर न्यायला आलेल्या, कंपनीचा इस्त्रीचा गणवेश घातलेल्या एका गृहस्थांना डोक्यापासून बुटापर्यंत आंघोळ झाली. दुसरा कुणी भांडला असता. यासीनभाईंनी त्यांना टॉवेल दिला, चहा दिला आणि तासभर दोन्ही बाजू सांगितल्या. गृहस्थ निथळत्या अंगानं म्हणाले, "माझं मत वेक." हे मत मी भिंतीवर लिहून ठेवलं. हो, मतं मी ठेवत होतो. माझ्या खोडकरपणाला एवढं सुंदर कुरण आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

वेक बोटीच्या प्रयोगाला मात्र माझं स्वतःचं शरीर खर्ची पडलं. कळंबजवळच्या एका रिसॉर्टनं पोहण्याच्या तलावाचा पंप दुरुस्त करायला यासीनभाईंना बोलावलं. "चला झेरॉक्स, हवा खायला," म्हणून मला मोटारसायकलवर मागे घेतलं. पंप वीस मिनिटांत चालू झाला. मग ते मला रिसॉर्टच्या मागच्या डबक्यावर घेऊन गेले. तिथं पाहुण्यांसाठी पायडल मारायची, हंसाच्या तोंडाची बोट होती.

"तुमचं वजन किती?"

"का?"

"सांगा तरी."

"चौऱ्याण्णव."

यासीनभाईंच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फक्त नवीन बेअरिंग बघताना पाहिला आहे. "मागं बसा," ते म्हणाले. मी मागे बसलो. माझ्या मांडीवर रेतीच्या दोन गोण्या ठेवण्यात आल्या. ते पुढे बसून पायडल मारू लागले. हातात फूटपट्टी, मान मागे वळवलेली. हंसानं मान आकाशाकडे केली, मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो आणि काठावरचे मुंबईचे पाहुणे मोबाइल काढून धावत आले. "लाट दीड इंच!" यासीनभाई ओरडले. "अजून जरा मागं सरका!" मी सरकलो. हंस चिखलात बसला. आम्हाला दोरानं ओढून काढलं.

परत येताना मी थंडीनं कुडकुडत विचारलं, "दीड इंच लाट मोजून काय मिळालं?"

त्यांनी मोटारसायकलचा वेग कमी केला. मग म्हणाले, "पोरीची उंची किती, लाट किती, याचा हिशेब बसाया लागतो. पोर लहान हाय."

त्यांच्या दुकानातल्या खांबावर खडूच्या रेघा होत्या. मी त्या पंपाच्या काहीतरी मापाच्या समजत होतो. दर दोन-तीन महिन्यांनी साजिदला विचारून ते झोयाची उंची तिथं लिहीत. पहिली रेघ माझ्या गुडघ्याच्या जराशी वर होती. तेवढी असताना ती दहिवलीला येऊन गेली होती. पुढच्या सगळ्या रेघा फोनवरून आल्या होत्या.

फोन रविवारी संध्याकाळी सातला यायचा. तिकडे सकाळ. शटर अर्धं खाली, स्टुलावर यासीनभाई, बाकावर मी आणि स्पीकरवर साजिद. पाऊण तास, कधी तास. आणि काय रंगायचे हो बापलेक! साजिद म्हणे, "अब्बा, मला जेट बरी वाटती." यासीनभाई वेकची वकिली सुरू करत. पुढच्या रविवारी साजिद शरण येऊन म्हणे, "तुमचं पटलं, वेक घेतो." यासीनभाई तिथल्या तिथं पक्ष बदलून जेटच्या बाजूनं उभे. मध्येच हसणं, मध्येच जुन्या आठवणी. साजिद लहानपणी हौदात पडला होता ती. झोया येऊन आजोबांना इंग्रजीत काहीतरी सांगे. यासीनभाईंना त्यातलं अर्धंही कळत नसे, पण "हां बेटा, बराबर," असं म्हणून ते तिचंही मत नोंदवून घ्यायला मला खुणावत.

मी शहाणा असतो तर हे बघून गप्प बसलो असतो.

पण गणपती उठले, कामं कमी झाली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. तीन वर्षांची भिंतीवरची मतं मोजली. मग झकास कागदावर निकालपत्र टाइप केलं. 'दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून, हंसाच्या मानेचा पंचनामा पाहून, हे न्यायालय वेक बोटीच्या बाजूने निकाल देत आहे. अपील चालणार नाही.' खाली दुकानाचा शिक्का. साजिदचा नंबर माझ्याकडे होताच. त्याची कागदपत्रं मीच स्कॅन करून पाठवायचो. निकालपत्राचा फोटो त्याला पाठवला आणि खुर्चीत मागे रेलून हसत बसलो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "काका, खूप हसलो. पण अब्बांचं ठरलं हे बरं झालं. मी त्यांच्यासाठीच थांबलो होतो. इथं हंगाम संपताना भाव उतरतात. आजच वेक बोट बुक केली."

मी नाचत शेजारी गेलो. "यासीनभाई, अभिनंदन! ठरलं! घेतलीसुद्धा!" आणि निकालपत्र, उत्तर दोन्ही दिसतील असा मोबाइल त्यांच्या नाकापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग हातातला पाना फडक्यानं पुसला. स्वच्छ होता तरी पुसला.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "कुनीतरी करायलाच पायजे हुतं."

"मग तोंड असं का?"

"नाय, तसं काय नाय." पाना त्यांनी जागेवर लावला. "आदी त्याचा फोन दोन मिंटात संपायचा. जेवलात का, जेवलो. तब्येत, बरी हाय. ठेवतो, ठेव. त्याचं पन खरं हाय, बोलनार काय? त्याला आपल्या पंपातलं काय सांगायचं, आनि त्याच्या कंपूटरातलं आपल्याला काय कळनार? बोटीचा मात्र दोघांना पन नाद लागला." एवढं बोलून ते एका गिऱ्हाइकाकडे वळले आणि आठ सेकंदांत त्याला पंप निवडून दिला.

मी माझ्या दुकानात येऊन बसलो. त्या सोमवारी घोषणा केली नाही. भजीवाल्यानं विचारलं, "काय, आज बातमी नाय?" मी नाही म्हणालो.

रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण सात वाजता पाय तिकडे वळलेच. भाभी चहा घेऊन आल्या होत्या आणि तशाच उभ्या होत्या. फोन वाजला.

"सलाम अब्बा. बोट बघितलीत ना फोटोत?"

"बगितली. झकास हाय. रंग चांगला हाय."

"तुमी सांगितलं तेच घेतलं."

"बरं केलंस."

आत हौदात नळ ठिबकत होता तो ऐकू येऊ लागला. यासीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी बडबड तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी हवी होती, आणि मला एक शब्द सुचेना.

"जेवलास?" यासीनभाईंनी विचारलं.

"अब्बा, सकाळचे साडेनऊ वाजल्यात."

"हां, बराबर. थंडी?"

"लागलीय थोडी थोडी. आता वाढंल."

"जपून राव्हा."

"हो. तुमची तब्येत?"

"बरी हाय."

पुन्हा नळाचे थेंब. खांबाला टेकून बसलेले यासीनभाई एकाएकी इतके म्हातारे दिसले की मी नजर वळवली. तिकडे साजिदनं घसा साफ केला. त्यालाही फोन ठेवायचा नव्हता, हे त्या घसा साफ करण्यात स्पष्ट ऐकू येत होतं.

"बरं मग अब्बा..."

यासीनभाईंचा अंगठा फोनच्या लाल खुणेकडे निघाला. इतक्यात चहाचा ट्रे धाडकन हौदाच्या कडेवर आदळला, आणि तीन वर्षं त्या दोघींच्या नावानं बोटं मोडणाऱ्या रुकय्याभाभी फोनवर वाकून केवढ्यांदा तरी ओरडल्या:

"थांब रं साजिद! बोट घेतलीस ती घेतलीस, पन तळं गोठल्यावर तिला ठेवनार कुठं, ते अब्बांना इचारलंस का?"