करुणादासांची सात पानांची शंका

करुणादासांनी त्या सकाळी एवढंच ठरवलं होतं, की आज पानात काहीही पडो, आपण बोलायचं नाही. नारळाचा सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, पानात पडला, त्यांनी एक घास घेतला आणि निश्चय पावणेदोन मिनिटं टिकला. (आमच्या ओट्यावर ऐकू आलं म्हणून सांगते. कान लावून कोणी बसलं नव्हतं.)

"मीठ आहे का समुद्र आहे हा?"

सोमलतानं डाव खाली ठेवला. तीस वर्षं नोंदणी कचेरीत लोकांवर ओरडून हा माणूस निवृत्त झाला होता आणि आता घरात तिच्या एकटीवर ओरडत होता. कचेरीत निदान वाटून घ्यायला रांग तरी असायची.

"अहो, ऐका. लेकीनं गॉलला बोलावलंय मला, कायमचं. वरच्या भावना केंद्रात ध्यानाचं तीन दिवसांचं शिबिर आहे, करुणा वाढवायचं. जाऊन या. माणसासारखे होऊन आलात तर मी इथं. नाहीतर मी गॉलला, आणि नारळ तुमचा तुम्ही खवा."

"मला कशाला हवी करुणा? माझ्या नावातच आहे!"

"तिथंच राहिलीय. खाली कधी उतरलीच नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी पांढरं सरोंग, पांढरा सदरा आणि आंबट तोंड घेऊन करुणादास डोंगर चढले. बारा पुरुष होते. त्यांत आमच्याच गल्लीतला बेकरीवाला विमलसिरी, मोठ्या कानांचा, गरीब स्वभावाचा. अष्टशील घेतलं. दुपारनंतर जेवण नाही, जीव मारायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. हे मारत नाहीत ही बातमी डासांना आधीच लागलेली असावी, कारण ते सहकुटुंब आले.

गुडघा दुखला. पाठ खाजली. डावा पाय झोपला, उजवा त्याच्याकडं बघून झोपला. शेजारी विमलसिरी दगडासारखा स्थिर बसलेला बघून करुणादासांना आणखीच चुळबूळ सुटली.

मग केंद्राच्या भंतेंनी मैत्री भावना शिकवली. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं. हे करुणादासांना झकास जमलं. अर्धा तास झाला तरी ते स्वतःपासून हलायला तयार नव्हते. मग आवडत्या माणसाचं, मग ओळखीपाळखीच्याचं, आणि शेवटी ज्याचं तोंड बघवत नाही अशा माणसाचं. करुणादासांनी डोळे मिटले. समोर सोमलता, हातात डाव. त्यांनी घाईघाईनं विजेचं मीटर बघायला येणारा तो उद्धट माणूस आठवला. तो आला बिचारा, पण सोमलताला बघून अदबीनं बाजूला झाला.

आता बोलायची बंदी, मग विचारायचं कसं? त्यासाठी बोधिवृक्षाजवळ एक लाकडी पेटी होती. शंका कागदावर लिहायची, नाव घालायचं नाही, आत टाकायची. संध्याकाळी भंते उत्तर देत. बाकीच्यांनी बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठ्या टाकल्या. करुणादासांनी विषय, संदर्भ, तपशील असे कलमवार मुद्दे घालून सात पानं लिहिली. भोकातून जाईनात, तेव्हा काडीनं ढकलली.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी भोजनदानाची पाळी आमच्या गल्लीची. (वांगी मी केली होती. एकही उरलं नाही.) साधकांची जेवणं झाली, आम्ही बायका पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला मागं बसलो. तेवढ्यात भंते म्हणाले, "संध्याकाळी मला शेजारच्या गावी मयताला जायचंय. शंका आत्ताच घेऊ."

दोन दिवसांत पहिल्यांदाच करुणादासांची पाठ ताठ झाली.

"एका उपासकानं विचारलंय," भंते म्हणाले, "की तोंड बघवत नाही अशा माणसाचं मंगल चिंतायला बसलो, की बायकोच समोर येते. काय करू?"

सात पानांचं सार एका ओळीत! एरवी करुणादासांनी भंतेंच्या हुशारीचं कौतुक केलं असतं. आत्ता त्यांना घाम फुटला. मागं कुजबूज सुरू झाली. भंते शांतपणे सांगत होते, की जे माणूस रोज सगळ्यांत जवळ असतं तेच आधी समोर येतं, तर तिथूनच सुरुवात करावी. पण ते ऐकतंय कोण? विमलसिरीची बायको हेमामाली नवऱ्याच्या कानांकडं बघत होती. ते पाठीमागून लालभडक झालेले दिसत होते.

"बघितलंत, अक्का? वीस वर्षं पहाटे तीनला उठून ह्यांच्याबरोबर पीठ मळतेय मी. आणि माझंच तोंड बघवत नाही!"

"अगं, कशावरून त्यांनीच लिहिलं?" सोमलता म्हणाली.

"कान सांगतायत की!"

ती रिकामं पातेलं उचलून तरातरा डोंगर उतरली. सोमलता मात्र ताटं गोळा करताना नवऱ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "शहाणे आहात हो. मला वाटलं होतं, असलं काही तुम्हीच लिहाल. लेकीला कळवते, मी येत नाही म्हणून."

म्हणजे करुणादास जिंकले होते! फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो तर तिथला नियमच होता. पण त्या दुपारी त्यांना एका जागी बसवेना. चालत ध्यान करायच्या वाटेवर ते असे भरभर फिरले, की पुढचे दोघे बाजूला झाले. डोळे मिटले की आता ना सोमलता दिसे ना मीटरवाला. दोन लाल कान तेवढे दिसत. आपल्यापायी एका गरीब माणसाचं घर मोडतंय! संध्याकाळी चहाबरोबर गुळाचा खडा मिळाला, तो त्यांनी विमलसिरीच्या बशीत ठेवला. विमलसिरीनं तो परत यांच्या बशीत ठेवला. असं चार वेळा झालं. शेवटी तो मुंग्यांनी नेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरची माणसं न्यायला आली. मौन सुटायला दहा मिनिटं होती. हेमामाली पिशवी घेऊनच आली आणि घराची किल्ली तिनं विमलसिरीच्या पुढ्यात ठेवली.

"एकच्या बसनं माहेरी चाललेय. पाव तुमचे तुम्ही भाजा."

विमलसिरीचे डोळे भरले. आणि करुणादास ताडकन उठले.

"थांब, हेमामाली! याचा काही दोष नाही. ती शंका माझी होती. बायको माझ्याच समोर आली होती, डाव घेऊन!"

सोमलताचं तोंड उघडं ते उघडंच.

"बसा, उपासक," भंते म्हणाले. "ती चिठ्ठी तुमची नव्हती."

"माझीच, भंते! माझं अक्षर—"

"काडीनं ढकलताना मी बघितलं होतं तुम्हाला. तुमची मी वाचलीच नाही. कलमं मोजली आणि लोकांसमोर नको म्हणून बाजूला ठेवली."

विमलसिरी डोळे पुसत पुटपुटला, "माझीच होती, दादा. चुकलो."

हेमामालीनं विचारलं, "ह्यांची केवढी होती, भंते?"

"एक ओळ."

"आणि करुणादादांची?"

"सात पानं. दोन्ही बाजूंनी."

हेमामालीनं किल्ली उचलून कमरेला खोचली आणि अशा काही करुणेनं सोमलताकडं बघितलं, की तीन दिवसांच्या शिबिरात तसं कोणाला जमलं नव्हतं. "चला हो," ती नवऱ्याला म्हणाली, "पीठ भिजवायचंय."

सोमलतानं ती सात पानं मागून घेतली. पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. करुणादास समोर उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"तू गॉलला नाही ना जाणार?" त्यांनी विचारलं. आवाज इतका मऊ, की मला दोन पावलं पुढं सरकावं लागलं.

"परक्यासाठी उभं राहिलात, ते बघितलं मी," सोमलता म्हणाली. "कायमची नाही जात. भंते, पुढचं शिबिर कधी?"

"पौर्णिमेपासून. दहा दिवसांचं."

"ह्यांचं नाव घाला. तेवढे दहा दिवस मी लेकीकडं राहून येते." पानांची घडी पिशवीत टाकून ती उठली. "आणि भंते, पेन तेवढं फाटकावरच काढून घ्या."