काळ्या पट्टीखालचे दोन रतन

"आपल्या हापिसातून कुणाचा एक आकडा बाहेर फुटेल? नाव नको!" शिवदास वर्तक छाती काढून सांगत.

शिवदासभाऊ रेवदंड्याजवळच्या एका मासळी निर्यात कंपनीचे हिशेबनीस. ऑनलाइन फसवणुकीवरचं व्याख्यान ऐकल्यापासून त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसायची: उघडे चोर आणि छुपे चोर! चहावाल्यानं "कसे आहात?" म्हटलं, तरी हे विचारत, "तुला कशाला हवंय?"

जूनमध्ये कामगारांना पगारावरच्या कराचे फॉर्म सोळा वाटायचे होते. भाऊंनी दाराला कडी घातली, जाडा मार्कर उचलला आणि एकूण एक फॉर्मवरचा पॅन नंबर काळा केला. एकशे बारा फॉर्म! बोटं अशी झाली, जणू दिवसभर काळी शाई सोडणारं माकूळ साफ करत बसले होते.

वाटता वाटता दोन फॉर्म उरले. दोन्हींवर नाव एकच, रतन डी. थळे! एक रतन धाकू थळे, बर्फाच्या यंत्राचा मेकॅनिक. दुसऱ्या रतन दामोदर थळे, पॅकिंगच्या सुपरवायझर बाई. कुठला कुणाचा हे सांगणारा नंबर मार्करखाली गडप. नवीन प्रत काढावी, तर साहेबांना कारण द्यावं लागणार. भाऊंनी डोळे मिटून पाकिटं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिक रतनची बायको तुळसा हापिसात शिरली. काखेत कपड्यांची पिशवी. मागोमाग रतन, तोंड सुकटीसारखं वाळलेलं.

"भाऊ, ह्या कागदावर घरकर्जाचं व्याज लिवलंय. आमी ऱ्हातो सासऱ्याच्या घरात. मंग ह्यानं दुसरं घर कुणासाठी बांधलं?"

"देवाशपथ, मला ठाव न्हाय गं!"

"ठाव न्हाय? घर काय भरतीसंगं वाहत आलं?"

एवढं होऊनही भाऊंची सवय जाईना. "आधी ओळखपत्र दाखवा. तुम्ही तुळसाच कशावरून?"

"मी तुळसा न्हाय, तर ह्यो रातच्यापासून कुणाच्या शिव्या खातोय? साडेधाच्या गाडीनं मी माणगावला चालले, माहेरी. कायमची!"

रतनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बघून भाऊ वरमले. "वहिनी, हा फॉर्म बहुतेक रतनबाईंचा असावा..."

"बाई?" तुळसा कडाडली. "आता बाईबी निघाली!"

"तसं नव्हे हो! अदलाबदल झाली असेल. पण खात्री कशी देऊ? नंबर मी असा झाकलाय, की ब्रह्मदेवालाही दिसायचा नाही!"

"म्हंजे सगळे मिळून ह्याला वाचवताय, व्हय ना?" तिनं रागानं कागद उलटला आणि थबकली. "आन हा वो कसला नंबर?"

दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पॅन नंबर लख्ख छापलेला! तिसऱ्यावर तोच. चौथ्यावरही!

रतननं खिशातून आपलं पॅन कार्ड काढलं. नंबर जुळेना. रतनबाईंना बोलावलं. त्यांच्या कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळलं. "चौलला बांधलंय घर," त्या म्हणाल्या. "नवऱ्यासकट येऊन बघा!"

तुळसानं पिशवी रतनच्या हातात कोंबली. "चल घरी. जेवला न्हायस कालपासनं."

गलबला ऐकून साहेब बाहेर आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "वर्तक, प्रत्येक फॉर्मचं पहिलंच पान काळं केलंत? पुढची पानं उघडलीसुद्धा नाहीत?"

"छे हो, साहेब," भाऊ मान खाली घालून पुटपुटले. "दुसऱ्याचे खाजगी कागद आपण कसे वाचायचे?"