झुडपाआडून आलेलं ‘झालं आमचं’

लपता येणं ही सुसंस्कृत समाजाची पहिली खूण होय. ज्याला लपता येत नाही त्याला भाषणं ऐकावी लागतात, समित्यांवर बसावं लागतं आणि ऑनलाइन बंदुकीच्या खेळात तो पहिल्या चाळीस सेकंदांत मरतो. सांता रूफिना बारांगायचा, म्हणजे नगरपालिकेतल्या आमच्या वॉर्डाचा, सचिव या नात्यानं, नवशिक्या खेळाडूंच्या उपयोगासाठी मी हे टिपण सादर करत आहे. (लिहिताना काडीवरचं तळलेलं केळं खातो आहे. गरम आहे. या, घ्या एक.)

प्रथम पार्श्वभूमी. आमच्या आणि शेजारच्या माताहिमिक बारांगायच्या बरोबर हद्दीवर एक आंब्याचं झाड आहे. सकाळी त्याची सावली त्यांच्याकडे पडते, दुपारी आमच्याकडे. त्याखाली आलिंग पुरिंग गेली एकतीस वर्षं केळी तळते. माताहिमिकला मात्र तिथं तीनचाकी रिक्षांचा थांबा हवा आहे. एकोणीस वर्षांत हद्दीची मोजणी अकरा वेळा झाली आणि उत्तरं अकरा आली. (बारावा मोजणीदार झाड बघूनच आजारी पडला.)

शेवटी नगरपालिकेनं परिपत्रक काढलं, की असले तंटे यापुढे आधुनिक व युवकप्रिय साधनांनी मिटवावेत. गेल्या वर्षी दोन्हीकडची तरुण मंडळी बंदुकीचा खेळ खेळली. खेळ पडद्यावर संपला आणि खुर्च्यांनी पुढं चालू राहिला. म्हणून यंदा दुरुस्ती आली: खेळाडू साठीच्या पुढचे व संपूर्ण नवशिके असावेत. प्रत्येकी चार. जिंकेल त्याचं झाड.

हरलो असतो तर आलिंग पुरिंगला सोमवारी कढई उचलावी लागणार होती. वय एकाहत्तर. संघात ती स्वतःहून आली.

“कढई घेऊन मी जाऊ कुठं रे, सेक्रेटरी?” ती मला म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं शेवटचं केळं याच झाडाखाली सोललं. अर्धंच सोललं.”

मी तातडीनं मार्गदर्शक सूचना काढल्या.

सूचना पहिली: मैदानात उतरताच जवळच्या घरात शिरा. सूचना निर्दोष होती, पण आमच्याकडे परक्या घरात कुणी असं शिरत नाही. दारात थांबून “माणूस आहे हो!” अशी हाक द्यावी लागते, म्हणजे आतल्यांना कळतं की भूतबीत नाही. आलिंग पुरिंगनं प्रत्येक दारात ही हाक दिली. खेळ असा, की जवळपासच्या सगळ्यांना तुमचा आवाज ऐकू जातो, कुठल्या बाजूनं आला तेसुद्धा. सरावाच्या सतरा डावांपैकी चौदांत ती उंबऱ्यावरच गेली. उरलेल्या तीनांत आतून “या ना, या!” असं उत्तर आलं आणि ती चपला काढायचं बटण शोधत असताना गेली.

“अहो, हाक मारू नका!” मी कळवळून म्हणालो.

“म्हणजे चोरासारखी शिरू? या वयात?”

आमचे दुसरे खेळाडू मांग काद्यो (आमच्याकडे ‘मांग’ म्हणजे काका, ‘आलिंग’ म्हणजे मावशी), चर्चचे निवृत्त घंटावादक. त्यांची अडचण वेगळी. गोळी लागली की ते वळून बघत. “कोण आहे ते बघू तरी, ओळखीचा असेल एखादा.” तेवढ्यात दुसरी लागे. उरलेल्या दोघी बहिणी एकमेकींवरच गोळ्या झाडत, पण ते जुनं प्रकरण आहे, इथं त्याचा संबंध नाही.

मी राजीनाम्याचा मसुदा करत होतो, तेवढ्यात अठराव्या डावात शोध लागला. आलिंग पुरिंगला भूक लागली. तिनं पडद्यासमोरच केळं काढलं आणि खाण्याआधी रीतीप्रमाणे आसपासच्यांना म्हणाली, “या हो, खायला या!”

समोरचं झुडूप म्हणालं, “नको हो, झालं आमचं!”

छप्पर म्हणालं, “खा खा, सावकाश खा!”

मांग काद्योंनी आयुष्यात प्रथमच योग्य दिशेला बंदूक वळवली.

पुढच्या आठवडाभरात मी रीतसर पाहणी केली. लपलेल्या शंभर जणांना खायला बोलावलं असता सत्त्याण्णव जणांनी नकार कळवला, दोघे परदेशी निघाले आणि एक खरोखरच खायला आला. (त्यालाही गोळी घालण्यात आली. नियम तो नियम.) आमच्या मुलखात माणूस गोळी सहन करेल, पण कुणी खायला बोलावल्यावर गप्प बसणं? आई काय म्हणेल त्याची?

सामना रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर. ते त्यांच्या सभागृहात, आम्ही आमच्या. नवव्या मिनिटापर्यंत त्यांचे तिघं “जेवूनच निघालो” असं सांगून गेले. आमचे मांग काद्यो ओळखीचा माणूस शोधताना गेले आणि बहिणींनी एकमेकींना संपवलं. उरली आलिंग पुरिंग. समोर उरले माताहिमिकचे कप्तान मांग सिंप्लिसियो, तिच्या मुलाचे धर्मपिता, म्हणजे तिचे कुंपारे, आणि ती त्यांची कुमारे. माणूस हुशार. त्यांना डाव कळला होता.

“कुंपारे, या, गरम आहे केळं!”

उत्तर नाही.

“कुंपारे? रागावलात का?”

उत्तर नाही. माझ्या डोळ्यांपुढं सोमवार आणि ती कढई दिसू लागली, आणि मला खरंच रडू येऊ लागलं.

आलिंग पुरिंग पुन्हा बोलली, आणि या वेळी आवाज वेगळाच होता. “बरं. पोराला बाप्तिस्म्याला तुम्ही हातांवर धरलंत, आणि आज माझं केळंही नको. राहू दे. मी एकटीच खाते.”

“अहो कुमारे, तसं नाही हो!” पाण्याच्या टाकीमागून आवाज फुटला, आणि पाठोपाठ टोपीही वर आली. “खाल्लंय मी! देवाशपथ, पोट भरलंय!”

आलिंग पुरिंगनं डोळे मिटून तेवीस गोळ्या झाडल्या. बावीस टाकीला लागल्या.

मी नंतर विचारलं, डाव होता का तो? ती चिडलीच. “डाव कसला मेल्या, मला खरंच वाईट वाटलं होतं!”

पंधरा मिनिटांनी मांग सिंप्लिसियो झाडाखाली हजर झाले आणि सात काड्या संपवल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.

“पोट भरलेलं होतं ना?” तिनं विचारलं.

“भरलेलंच होतं,” ते म्हणाले आणि आठवी काडी उचलली.

झाड आमचं झालं. कढई जागेवर आहे. सावली सकाळी अजून त्यांच्याकडेच पडते, त्याबाबत पत्रव्यवहार चालू आहे.

आता नवशिक्यांसाठी शेवटची सूचना. टिपणाच्या सुरुवातीला मी तुम्हांला केळं देऊ केलं होतं. तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, “नको, आत्ताच झालं.” खरंच झालं होतं का, ते मी विचारत नाही. पण आवाज मला ऐकू आला, आणि कुठून आला तेही कळलं. हलू नका.