रंगूबाईंची मेथी आणि माझं कोरडं छत

वाफेचं पाणी नेमकं कुठे होणार, हे अख्ख्या नाशकात माझ्याइतकं अचूक कुणी सांगू शकत नाही, अशी २००२ सालापर्यंत माझी पक्की समजूत होती. गंगापूर रोडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हाच विषय शिकवायचो. हवा कशी वाहील, तिच्यातली वाफ कुठे गार होऊन थेंब धरेल, हे खोली बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर पाहायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. माझी बायको साधना याला लाइटबिल म्हणते.

त्यामुळे गुलाबवाले गोटीराम कोल्ड स्टोरेज बांधायला निघाले, तेव्हा माझ्याकडेच आले.

"सर, आत पाणी सुटलं तर पाकळ्यांवर डाग पडतात. कुठं सुटंल तेवढं सांगा."

घरचा कॉम्प्युटर अकरा दिवस घरघरत होता. निकाल आला: छत ठणठणीत कोरडं, पाणी फक्त दाराजवळच्या जमिनीवर. "खोके जितके वर ठेवाल तितकं उत्तम," मी सांगितलं. गोटीरामांनी पार छतापर्यंत फळ्या ठोकून घेतल्या.

फेब्रुवारीत, दिल्लीची गाडी भरायच्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "सर, जरा येता का? आत पाऊस पडतोय."

मी स्कूटर हाणत पोचलो. छताला थेंबांच्या रांगा लागल्या होत्या आणि एकेक थेंब वरच्या फळीवरच्या गुलाबांवर पडत होता. गोटीरामांची आई, रंगूबाई, मिळेल तिथे घमेली मांडत होत्या. दाराजवळची जमीन मात्र कोरडी.

"हे शक्यच नाही," मी म्हणालो. तेवढ्यात माझ्या चष्म्यावर थेंब पडला.

"कॉम्प्युटरला नाय कळलं वाटतं," रंगूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. अकरा दिवसांच्या गणिताला हे बोलणं? मग मला कोपऱ्यात मेथीच्या जुड्या दिसल्या.

"ही मेथी कुणाची?"

"माझी. बाजारात न्यायची हाय. इथं ताजी राहती."

"म्हणजे दार सारखं उघडता?"

"मंग भिंतीतून जाऊ? उन्हाचं घटकाभर बसते बी आत. लय गार वाटतं."

सापडलं! मी सगळ्यांना उभं करून सुनावलं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, तिचंच हे पाणी. "मी गुलाबांचं गणित केलं होतं, भाजी मंडईचं नाही!" गोटीरामांनी मान खाली घातली. रंगूबाईंनी जुड्या ओच्यात घेतल्या आणि त्या बाहेर गेल्या. दिल्लीच्या गाडीत निम्मेच खोके चढले.

घरी आलो तरी मी धुमसत होतो. गणित कसं बिनचूक आहे, ते आता लेखीच द्यायचं ठरवून फाइल उघडली. तिसऱ्याच ओळीत गुरुत्वाकर्षण होतं. आकडा बरोबर. फक्त त्याच्याआधी उण्याची खूण द्यायची राहिली होती. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधल्या खोलीत सगळं छताकडे पडत होतं. गरम दमट हवा वर जायची ती खाली बसली होती, आणि अकरा दिवस जमीन भिजवत होती.

फोन वाजला. गोटीराम होते.

"सर, आईच्या वतीनं माफी मागतो. ती आता आत पाऊल ठेवणार नाय म्हणती. जेवली बी नाय. तुम्ही मनावर घेऊ नका."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंडही उघडलं. पण साधना समोर उभी राहून ऐकत होती.

"असू द्या हो," मी म्हणालो. "खोके तेवढे खालच्या फळीवर घ्या. आणि आईंना म्हणावं, मेथी ठेवली तरी चालेल."