शाळेची पायरी

नेदरकोमची शाळा बंद करायचा विचार जिल्हा समितीनं सुरू केला, तेव्हा गावानं इंग्लंडातलं कुठलंही गाव करील तेच केलं: चहा ठेवला आणि कमिटी नेमली. अध्यक्ष अर्थातच ट्रस्कॉट मास्तर. शाळेत उरलेल्या नऊ मुलांच्या आजी-आजोबांनाही पाढे त्यांनीच शिकवले होते.

“शाळा वाचवायची तर आधी तिचा इतिहास सिद्ध केला पाहिजे,” मास्तर म्हणाले. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं, अशी त्यांची श्रद्धा होती. भूगोलाचा तासही ते त्याच श्रद्धेवर घेत.

“इतिहास राहू द्या, आधी गळकं छप्पर बघा,” पब चालवणारी ग्वेन बॅबिज म्हणाली. तिची नात पॉपी त्या नवांतली एक.

“ग्वेन, तू वर्गातसुद्धा अशीच मध्ये बोलायचीस.”

“आणि तेव्हाही माझंच बरोबर असायचं!”

जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयातून मिस फॉस्डाइक आल्या. मास्तरांनी त्यांना दारातली दगडी पायरी दाखवली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या पायांनी झिजून ती मधोमध बशीसारखी खोलगट झाली होती. मिस फॉस्डाइक चक्क गुडघ्यांवर बसल्या. “अप्रतिम! अशी झीज आता बघायला मिळत नाही.” शाळेला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. मास्तर त्या दिवशी दोनदा केक खाऊन घरी गेले.

पुढच्या आठवड्यात पायरीभोवती दोर बांधला गेला. झीज जपायची, म्हणजे ती वाढू द्यायची नाही, हे ओघानंच आलं.

“मग पोरांनी आत जायचं कुठून?” ग्वेननं विचारलं.

“खिडकीतून. तात्पुरतं,” मास्तर म्हणाले.

मुलांना ही व्यवस्था इतकी आवडली की हजेरी कधी नव्हे ती पूर्ण भरू लागली. साहजिकच खिडकीची चौकट घासली गेली. चौकट तपासली, तर ती पायरीहूनही जुनी निघाली; मग तिलाही दोर लागला. वर्ग चर्चच्या हॉलमध्ये गेला. तिथं विणकाम मंडळानं आपल्या शांततेचा हक्क सांगितला. मग वर्ग पबच्या मागच्या खोलीत आला आणि मुलं बाण फेकण्याच्या खेळातल्या गुणांवर वजाबाकी शिकू लागली. वजाबाकी पक्की झाली. पण जिल्हा समितीच्या कानावर गेलं. इमारत सुरक्षित असल्यामुळे शाळेचा प्रश्न सुटला आहे, असं समितीनं कळवलं आणि मुलांना बसनं शहरातल्या शाळेत धाडलं.

“जिंकलात, मास्तर,” पॉपीला बसमध्ये चढवताना ग्वेन म्हणाली. “शाळेला आता कुणी हात लावू शकत नाही. पोरंसुद्धा नाहीत.”

मास्तरांनी चष्मा पुसला. उत्तर इतिहासातही सापडेना.

आता दर रविवारी मास्तर जुन्या काळच्या मास्तरांसारखा काळा झगा घालून रिकाम्या वर्गात बसतात. पाहुण्यांसाठी पायरीवरून फळी टाकली आहे. फळीला पर्यटन विभागानं मंजुरी दिली. शिक्षण विभागाकडे तशी तरतूद नव्हती.

एका रविवारी लंडनहून एक कुटुंब आलं. त्यांची चिमुरडी मास्तरांना बोट टोचून म्हणाली, “आजोबा, तुम्ही खरे आहात?”

“बराचसा,” मास्तर म्हणाले.

“किती गोड शाळा!” तिच्या आईनं सुस्कारा सोडला. “आम्ही इथंच राहायला येतोय. मुलांनी अशाच ठिकाणी शिकावं.”

मास्तर ताडकन उठले. मुलं मिळाली तर समितीशी पुन्हा भांडता येणार होतं. “मग घालता हिचं नाव?”

“छे हो!” बाई हसल्या. “हिला शहरातच घालणार. तिथं सोयी आहेत. पण ही शाळा टिकली पाहिजे हं!”

मास्तरांना रागवायचं होतं. पण त्यांचे स्वतःचे नातू एक्झिटर शहरात शिकत होते. तिथं पोहायचा तलाव होता. ते पुन्हा खाली बसले आणि फोटोसाठी हसले.

तुम्हीही आता मास्तरांसाठी हळहळला असाल. वाचकहो, हळहळ पुरे. तुमच्या गावच्या शाळेत यंदा कुणाचं नाव घातलंत, तेवढं सांगा.