शकीलभाईंची झोपाळू चिप

शकीलभाईंना कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर ते हळू आवाजात सांगत, "झोपवतोय." भोरमध्ये आमच्या गल्लीत ते नवे राहायला आले तेव्हा हे ऐकून समोरच्या मंदाकाकू झबलं-टोपडं घेऊन गेल्या. आत बघतात तर साठीला टेकलेला सडाफटिंग माणूस, आणि टेबलावर टिकलीएवढी चिप. शकीलभाईंनी झबलं परत केलं नाही. त्याने ते भिंग पुसतात.

मी शेजारचा मास्तर. पुण्यातली नोकरी सोडून हा इंजिनिअर इथे काय करतोय, हे मला त्यांनीच समजावलं. ही चिप तारेशिवाय निरोप धाडते, पण तिच्या पोटाला बटणाएवढा सेल. सारखी जागी राहिली तर लगेच संपायची. म्हणून तिने क्षणभर उठायचं, निरोप द्यायचा, पुन्हा झोपायचं. तिला हे शिकवणारी ऑपरेटिंग सिस्टीम होती, पण ती दुसऱ्या, मोठ्या चिपसाठी लिहिलेली.

"गुरुजी, बंगल्यातला संसार एका खोलीत आणायचाय. कपाट, पलंग ऱ्हाऊ द्या भाईर. पण चूल पेटलीच पायजे!"

माणसंही ते याच मापाने मोजत. पारावर दिवसभर घोरणाऱ्या बबनरावांबद्दल त्यांना अतोनात आदर. "लई कमी करंटवर चालतो हा माणूस!" मी फार बोलायला लागलो की म्हणत, "गुरुजी, रेडिओ बंद करा की जरा."

संसार खोलीत मावला, पण एक खोड जाईना. एकटी चिप शहाण्यासारखी वागे. दोन ठेवल्या की चुकामूक. एक बोलायला उठे, तेव्हा दुसरी झोपलेली. शकीलभाई दाढी करायचे विसरले, मग जेवायचेही. "झोपेत किती वेळ गेला तेच तिला कळत न्हाई हो!"

अशातच एका दुपारी ते मला नसरापूरहून वेल्ह्याच्या एसटीत घेऊन बसले. "जागा बघायचीय," एवढंच म्हणाले. मला डुलकी लागली. खड्ड्याच्या दणक्याने जागा झालो आणि विचारलं, "किती वेळ झोपलो मी?"

शकीलभाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि तसेच थिजले. मग ताडकन उठले. "गुरुजी! तुमी झोपला, घड्याळ न्हाई झोपलं!"

चिपमध्ये एक बारीकसं घड्याळ असतं. सेल वाचवायच्या कंजुषीत हे गृहस्थ त्यालाही झोपवत होते.

"घावलं! घड्याळ घावलं!"

"सीटखाली पडलं व्हतं का?" कंडक्टरने विचारलं.

आठवडाभरात टेबलावरच्या चिपा एकमेकींना वेळेवर हाका मारू लागल्या. शकीलभाईंनी गल्लीत पेढे वाटले.

"झोपलं का एकदाचं?" मंदाकाकूंनी विचारलं.

"झोपतंय, अन् वेळेवर उठतंय बी!"

रविवारी आम्ही वेल्ह्याकडच्या गुंजवण्याला गेलो; शकीलभाईंना बघायची होती ती जागा हीच. गावाच्या टोकाला, मोबाईलची रेंज न पोचणाऱ्या घरात हौसाकाकी एकट्या राहतात. शकीलभाईंचा शाळेतला दोस्त महादू, त्याची ही आई. महादू वारल्यापासून लेक बोलावतेय, पण काकी भातखाचरं सोडून जायला तयार नाहीत. शकीलभाईंनी एक चिप त्यांच्या दाराला लावली, काही वाटेवरच्या घरांना, आणि शेवटची, रेंज असलेल्या दुकानातल्या फोनला. काकींनी दार उघडलं की निरोप एका चिपवरून दुसरीवर उड्या मारत दुकानात पोचायचा, आणि तिथून शकीलभाईंच्या फोनवर. मग मला काकींपाशी ठेवून ते फोन घेऊन दुकानात जाऊन बसले.

काकींनी दार उघडलं. क्षणभर काहीच नाही. मग दुकानाकडून अशी आरोळी आली की झाडावरचे बगळे उडाले. "आलं! गुरुजी, आलं!"

काकी माझ्याकडे वळल्या. "वरडायचंच व्हतं, तर ह्ये डबडं कशाला लावलं?"

शकीलभाई धावत आले ते हसतच. त्यांनी काकींच्या पायाला हात लावला. काकींनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पुन्हा दोनदा दार उघडून-लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भोरच्या स्टँडवर चहाला बसलो. शकीलभाईंचा चहा निवत चालला होता. ते फोनकडे बघत होते. फोन किणकिणला, तसा त्यांनी कप उचलला.

"आई उठली," म्हणाले.

तोंडावर मात्र ते त्यांना काकीच म्हणतात.